पेरोव्हस्काइट एलईडीतला प्रकाश कुठे हरवतो, ते कसं शोधावं

सीझियम लेड ब्रोमाइड या पेरोव्हस्काइटचा (ठरावीक स्फटिकरचनेच्या पदार्थाचा) हिरवा एलईडी अंधुक निघाला, की लॅबमधले नवे विद्यार्थी लगेच नवं अ‍ॅडिटिव्ह (द्रावणात मिसळायचं पूरक रसायन) शोधायला लागतात. मी त्यांना आधी कागद घ्यायला लावते. बाह्य क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे आत सोडलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे बाहेर पडणारे प्रकाशकण, हा चार आकड्यांचा गुणाकार: इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धन चार्जसारखी वागते) किती प्रमाणात एकमेकांना भेटले, त्यांतल्या किती जोड्यांना स्पिनच्या नियमाने प्रकाश देता येतो, किती जोड्या तो खरोखर देतात आणि त्यातला किती काचेबाहेर पडतो. साध्या फ्लुओरेसेंट ओएलईडीत (सेंद्रिय रेणूंच्या एलईडीत) दुसरा आकडा 25 टक्क्यांवर अडतो, चौथा साधारण 20 वर. बाकी सगळं जमूनही हाती 5 टक्केच येतात. पेरोव्हस्काइटला स्पिनची ही मर्यादा तशी लागू होत नाही, म्हणून पहिला आणि तिसरा आकडा तपासा.

तिसऱ्यापासून सुरुवात करा, त्याला धातूचा थर लागत नाही. फिल्मचा (पेरोव्हस्काइटच्या पातळ थराचा) पीएलक्यूवाय, म्हणजे शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती टक्के पुन्हा प्रकाश म्हणून परत येतात तो आकडा, आधी नुसत्या काचेवर मोजा, मग पेडॉट-पीएसएसवर (होल आत आणणाऱ्या थरावर), मग वर टीपीबीआय (इलेक्ट्रॉन आत आणणारा थर) चढवून. जिथे आकडा कोसळेल तिथला सांधा बिघडलेला आहे. पेडॉटवर पडला, तर मध्ये पीव्हीकेचा (एका पॉलिमरचा) पातळ थर देऊन पुन्हा मोजा.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. मंद लेसरखाली ट्रॅप (स्फटिकातले चार्ज अडकवणारे दोष) बहुतेक चार्ज गिळतात, त्यामुळे चांगली फिल्मही वाईट दिसते. मोजणी डिव्हाइस चालतं त्याच पातळीवर हवी. दर चौरस सेंटिमीटरला 10 मिलिअँपिअर करंटशी बरोबरी करायची, तर 405 नॅनोमीटरचा सुमारे 31 मिलिवॉट प्रकाश फिल्मने शोषला पाहिजे. हे गणित प्रत्येकाने स्वतः करावं.

आता पीएलक्यूवाय 60 टक्के असेल, तर त्यातले साधारण 20 टक्के बाहेर पडतात असं धरून कार्यक्षमता 12 टक्क्यांच्या आसपास अपेक्षित. मोजून 2 आली, तर दोष पहिल्या आकड्यात. करंट-व्होल्टेजचा आलेख लॉग स्केलवर काढा. उजेड सुरू होण्याआधीच करंट भरपूर वाहत असेल, तर फिल्मला भोकं आहेत. अँटिसॉल्व्हंट (फिल्म पटकन स्फटिक व्हावी म्हणून वर सोडायचा द्रव) टाकण्याची वेळ बदलून पाहा. उजेड अडीच व्होल्टच्या बराच पुढे सुरू होत असेल, तर चार्ज आत शिरतानाच अडतोय.

काचेच्या कडांना काळी पट्टी लावूनच मोजा, नाहीतर कडेने निसटणारा प्रकाश आकडा फुगवतो. व्होल्टेज चढवताना आणि उतरवताना, दोन्ही आलेख नोंदवा. ब्रोमाइडचे आयन सरकत असल्याने ते जुळतीलच असं नाही. शिशाचं उरलेलं द्रावण सिंकमध्ये नाही, वेगळ्या बाटलीत.