मनास्लूची गाइडेड मोहीम: पैसे भरण्याआधी आणि दोर धरण्याआधी

आठ हजार मीटरवरचं पहिलं शिखर म्हणून हल्ली बरेच जण मनास्लू निवडतात. निवड समंजस आहे. नेपाळच्या गोरखा जिल्ह्यातलं हे ८,१६३ मीटरचं शिखर, हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा, खर्च एव्हरेस्टपेक्षा बराच कमी आणि खड्या बर्फाचे टप्पे मोजके. पण त्याला चिकटलेलं ‘सोपं’ हे विशेषण मी आमच्या क्लबातल्या मुलांना वापरू देत नाही. पावसाळा सरता सरता ही चढाई होते, त्यामुळे बर्फ प्रचंड पडतो. सप्टेंबर २०१२ मध्ये पहाटेच्या वेळी तिसऱ्या कॅम्पवर हिमप्रपात कोसळला आणि अकरा जण गेले, त्यातले बहुतेक तंबूत झोपेत होते. २०२२ मध्ये तिसऱ्या आणि चौथ्या कॅम्पच्या दरम्यान पुन्हा हिमप्रपात झाला आणि पुन्हा जीव गेला.

मी या डोंगरावर चढले आहे आणि आता मोहिमेला निघालेल्यांची तयारी करून घेते. कंपनी तंबू लावते, दोर बांधते, जेवण रांधते, ऑक्सिजन वर पोचवते. तरीही करारात काय लिहून घ्यायचं आणि जाड मिटन (बोटं वेगळी नसलेले हातमोजे) घातलेल्या हातांना काय काय जमलं पाहिजे, हे तुमचं तुम्हालाच बघावं लागतं. त्यासाठी हे लिहिते आहे.

आधी सात हजार

सात हजार मीटरच्या शिखरावर आठवडाभर तरी काढल्याशिवाय मनास्लूचा विचार करू नका. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट किंवा मनालीची संस्था, कुठूनही बेसिक आणि मग अ‍ॅडव्हान्स कोर्स करा. त्यानंतर सतोपंथ (७,०७५ मीटर), नून (७,१३५ मीटर) किंवा नेपाळमधलं हिमलुंग (७,१२६ मीटर) यांपैकी एखादं शिखर करा. तिथे माथा गाठला की नाही, याला मी फार महत्त्व देत नाही. साडेसहा हजारांवर भूक लागते का, रात्री दोनला उणे तापमानात स्वतःचे क्रॅम्पॉन (बुटांखाली लावायचे लोखंडी काटे) स्वतः बांधता येतात का, दमून तंबूत आल्यावर बर्फ वितळवून पाणी करायला उठवतं का, हे तिथे कळतं. आठ हजारांवर समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश प्राणवायू असतो. खाली जे अर्धवट जमत होतं, ते तिथे अजिबात जमत नाही.

कंपनीला विचारायचे प्रश्न

प्रश्न फोनवर विचारू नका, मेलवर विचारा. उत्तरं लेखी हवीत. गुळगुळीत उत्तरं देणारी कंपनी सोडून द्या, मग दर कितीही चांगला असो.

पहिला प्रश्न शेर्पांबद्दल. २०२५ पासून नेपाळच्या नियमानुसार आठ हजारांवरच्या शिखरांवर दोन गिर्यारोहकांमागे किमान एक गाइड किंवा उंचीवर काम करणारा मदतनीस असलाच पाहिजे. पण ही कमीत कमी मर्यादा झाली. पहिल्यांदा जाणाऱ्याने एकास एक शेर्पा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दोघांमागे एक असताना एकाला परत फिरावं लागलं, तर शेर्पाने कुणासोबत जायचं? हा प्रश्न कंपनीला जसाच्या तसा विचारा. उत्तरावरून बरंच समजतं. सोबतच्या शेर्पाने मनास्लू किती वेळा केलं आहे आणि आंतरराष्ट्रीय गाइड संघटनेची पात्रता असलेला कुणी चमूत आहे का, हेही विचारा. नेपाळमध्ये असे प्रशिक्षित गाइड आता चांगल्या संख्येने आहेत.

दुसरा प्रश्न ऑक्सिजनचा, आणि इथे हिशेब स्वतः मांडायचा. हल्ली वापरतात तो चार लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला की त्यात साधारण १,२०० लिटर वायू मावतो. मिनिटाला दोन लिटरने तो दहा तास पुरतो, चार लिटरने पाच तास. चौथ्या कॅम्पपासून माथा आणि परत, मध्ये दोरावरची रांग, वर चौथ्या कॅम्पमधली झोप, हे सगळे तास कागदावर लिहा आणि बघा किती सिलिंडर लागतात. जाहिरातीत ‘ऑक्सिजन समाविष्ट’ एवढंच लिहिलेलं असतं. किती सिलिंडर, कोणत्या कॅम्पवर ठेवलेले, जादा लागला तर काय दराने, आणि शेर्पासाठी किती, हे चारही आकडे घ्या. शेवटचा आकडा कुणी विचारत नाही. शेर्पाचा ऑक्सिजन संपला तर तुमचा वाटाड्या, तुमचा आधार आणि एक घरचा कर्ता माणूस, तिन्ही एकदम अडचणीत येतात.

तिसरा प्रश्न माथ्याचा. मनास्लूच्या टोकाशी धारेवर उंचवट्यांची ओळ आहे, आणि वर्षानुवर्षं बरेच चमू खऱ्या माथ्याच्या काही मीटर अलीकडे थांबून परतत होते. २०२१ मध्ये ड्रोनने काढलेल्या छायाचित्रात हे जगाला स्वच्छ दिसलं. हिमालयातल्या चढायांची नोंद ठेवणारा ‘हिमालयन डेटाबेस’ २०२२ पासून फक्त खऱ्या माथ्यावर पोचलेल्यांची नोंद शिखर म्हणून घेतो. तेव्हा दोर नेमका कुठपर्यंत बांधणार, हे विचारून घ्या. १९५६ च्या मे महिन्यात तोशिओ इमानिशी आणि ग्यालझेन नोर्बू पहिल्यांदा या शिखरावर पोचले. त्यांच्यानंतर इतक्या वर्षांनी, बांधलेल्या दोरावरून जाऊन आपण अलीकडेच थांबावं, हे मला पटत नाही. आणि पुढची धार त्या दिवशी धोकादायक असेल तर खुशाल परत फिरा, फक्त घरी येऊन शिखर केलं म्हणू नका.

चौथा प्रश्न तिसऱ्या कॅम्पच्या जागेचा. तो साधारण ६,७००-६,८०० मीटरवर लागतो आणि वरच्या उतारावरून येणाऱ्या बर्फाच्या वाटेत येऊ शकतो. जागा कोण निवडतं? मोठी बर्फवृष्टी झाल्यावर किती दिवस थांबतात? हवामानाचा अंदाज विकत घेता की शेजारच्या चमूला विचारता?

दर डॉलरमध्ये असतात आणि कंपनीगणिक खूप बदलतात. स्वस्त आणि महाग यांतला फरक बहुधा याच चार उत्तरांत दडलेला असतो. परवाना शुल्क, लायझन ऑफिसर (मोहिमेसोबतचा सरकारी अधिकारी), दोरांचा वाटा, बेस कॅम्पचं जेवण हे पॅकेजमध्ये असतं. शेर्पाचा बोनस, टिप, विमा, डाउन सूट (पिसं भरलेला अंगभर पोशाख) आणि आठ हजारी बूट, काठमांडूतले जादा दिवस हे सहसा नसतं. विम्याच्या कागदावर उंचीची मर्यादा वाचा. अनेक पॉलिसी ६,००० मीटरला थांबतात.

बोनसबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ही गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते. माथ्यावर पोचल्यावर शेर्पाला वेगळी रक्कम द्यायची पद्धत आहे. म्हणजे ‘ताई, आता खाली चला’ म्हणणाऱ्या माणसाचं त्याच वाक्याने नुकसान होतं. हे बदलणं तुमच्या हातात आहे. बेस कॅम्पवरच, सरदारासमोर (शेर्पांच्या प्रमुखासमोर), सांगून टाका की तुम्ही मला कुठूनही परत फिरवलंत तरी पूर्ण रक्कम मिळेल. मी हे सांगितलं तेव्हा माझ्यासोबतच्या शेर्पा दाइंनी (नेपाळीत दाइ म्हणजे थोरला भाऊ) नुसती मान हलवली. पण त्या दिवसापासून ते माझ्याशी जास्त मोकळेपणाने बोलू लागले. खोकला कसा आहे, रात्री किती वेळा उठलीस, आज पाय का ओढतेस, सगळं विचारायचे.

मिटन घालून सराव

जुमार म्हणजे दोरावर वर सरकणारी पण मागे न घसरणारी दातेरी पकड. घरी तो सगळ्यांनाच लावता येतो. तुम्ही तो जाड मिटन घालून, चष्म्यावर धुकं असताना, तोंडाला मास्क बांधून लावा. खरा सराव तो. दोराच्या गाठीपाशी आलात की आधी सेफ्टी कॅरॅबिनर (हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, जोडलेली कडी) पुढच्या दोरात, मग जुमार काढून पुढे. कोणत्याही क्षणी एक तरी गोष्ट दोराला अडकलेली असलीच पाहिजे. हा क्रम हातांत इतका मुरायला हवा की डोकं बधिर झालं तरी हात चुकणार नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या कॅम्पच्या मधल्या बर्फाच्या भिंतींवर हीच हालचाल पुन:पुन्हा करावी लागते, मागे माणसं ताटकळत असताना.

ओल्या बर्फानंतर थंडी पडली की दोरावर बर्फाचा पापुद्रा धरतो. जुमारचे दात त्याने भरतात आणि तो घसरायला लागतो. दाइंनी हार्नेसच्या मागच्या कडीला एक जुना दात घासायचा ब्रश सुतळीने बांधला होता. जुमार घसरला की तो ओढायचा, दातांवरून दोनदा फिरवायचा, सोडून द्यायचा. मी तेव्हापासून प्रत्येकाच्या सामानात ब्रश टाकायला लावते. गेल्या हंगामातले जुने दोर अनेक ठिकाणी नव्याच्या शेजारीच लोंबत असतात. रंग ओळखून ठेवा, जुन्याला अंग टाकू नका.

उतरायचा सराव चढण्यापेक्षा दुप्पट करा. एट डिसेंडर (दोरावरून उतरायचं आठच्या आकाराचं साधन) लावून आणि दोर नुसता हाताभोवती घेऊन, दोन्ही पद्धतींनी, थकलेल्या पायांनी.

मास्कचंही तसंच. श्वासातली वाफ उच्छ्वासाच्या झडपेत गोठते आणि श्वास कोंडतो. अशा वेळी घाबरून मास्क उपटायचा नाही, रबर मुठीत दाबून बर्फ मोडायचा. सिलिंडर बदलायला शेर्पा असतात, तरी तुम्हाला एकट्याने तो बदलता आला पाहिजे: रेग्युलेटर काढा, वॉशर जागेवर आहे का बघा, आटे सरळ बसवा, फुसफुस ऐकू येते का कान लावून तपासा. हे बेस कॅम्पवर डोळे मिटून करून बघा. आणि थंडीत दाबाच्या काट्यावर ३०० ऐवजी अडीचशेच्या आसपास दिसलं तर लगेच कुणावर संशय घेऊ नका, गार झालेल्या वायूचा दाब उतरतोच.

डोंगरावरचे दिवस

हेलिकॉप्टरने थेट बेस कॅम्पखालच्या सामागावला उतरायची सोय आता सगळेच देतात. वेळ असेल तर चालत जा. बुढी गंडकीच्या खोऱ्यातून साडेतीन हजार मीटरवरच्या सामागावपर्यंत हळूहळू चढताना शरीर फुकटात तयार होतं. बेस कॅम्प साधारण ४,८०० मीटरवर आहे. तिथून पहिला कॅम्प, परत. मग दुसरा, जमल्यास तिसरा, परत. आणि पुन्हा खाली विश्रांती, असं चालतं. विश्रांतीचे दिवस सामागावला घालवा. तिथे झोप लागते आणि जेवण जातं.

ऑक्सिमीटरचे आकडे एकमेकांशी ताडून बघत बसू नका. त्यापेक्षा रोज सकाळी एका सरळ रेषेत टाचेला चवडा लावून दहा पावलं चाला. तोल जात असेल, बोलणं अडखळत असेल, तर मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्यायची आणि रात्र असली तरी खाली उतरायचं. बसल्या जागी दम लागणं आणि फेसाळ खोकला ही फुप्फुसांची धोक्याची खूण. डायमॉक्स, डेक्सामेथासोन, निफेडिपिन या उंचीच्या आजारांवरच्या औषधांच्या मात्रा निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद शेर्पालाही दाखवा.

परत फिरायची वेळ चौथ्या कॅम्पवर ठरवू नका, तिथे डोकं चालत नाही. बेस कॅम्पवर, जेवणाच्या तंबूत, सरदार आणि तुमचा शेर्पा यांच्यासमोर ठरवा आणि घरच्यांनाही कळवा. माथा दिसत असला तरी त्या वेळेला वळायचं. वेळेबरोबर ऑक्सिजनचीही रेघ आखा: अर्धा साठा संपेपर्यंत माथा आला नाही तर परत.

उतरताना चौथ्या कॅम्पवर मुक्काम टाळा. पाणी प्या, काहीतरी खा, शक्य असेल तर दुसऱ्या कॅम्पपर्यंत या. तंबूत शिरलात की आधी मोजे काढून बोटं बघा. पांढरी, कडक, बधिर बोटं चोळायची नाहीत, शेकोटीला धरायची नाहीत. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर मुद्दाम ऊब देऊ नका. कोरडं, सैल गुंडाळून बेस कॅम्प गाठा, तिथे ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवा आणि वेदनाशामक घ्या, कारण ऊब आली की फार दुखतं. फोड फोडू नका. पहिल्या चोवीस तासांत काठमांडूच्या रुग्णालयात पोचलात तर शिरेतून द्यायच्या औषधांनी बोटं वाचवता येतात, म्हणून हेलिकॉप्टर बोलवायला ‘सकाळी बघू’ म्हणू नका.