हुमल्यांची जात नोंदवताना या चुका टाळा

कोकण-गोव्यात आंब्याच्या पानांची घरटी करणारे लाल हुमले, म्हणजे विणकर मुंग्या, ही ओइकोफिला प्रजातीतली स्मॅराग्डिना नावाची जात. तिचा पसारा भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. दुसरी सर्वमान्य जिवंत जात आफ्रिकेतली, लाँगिनोडा. नामशेष जाती मात्र डझनाहून जास्त आहेत, त्यातल्या बऱ्याच युरोपातल्या.

सगळ्यात जास्त नोंदी बिघडतात त्या रंग आणि आकार पाहून वेगळी जात ठरवल्यामुळे. एकाच वसाहतीत मोठे कामकरी बाहेर शिकार आणि राखण करतात, छोटे आत अळ्या सांभाळतात. राणी चांगली जाडजूड आणि हिरवट असते, मीलनाआधी तिला पंखही असतात. ऑस्ट्रेलियातल्या कामकऱ्यांचं पोट हिरवं दिसतं, तरी जात स्मॅराग्डिनाच.

जीवाश्मांत हाच घोळ जास्त अवघड होतो. झाडावर फिरणारे कामकरी राळेत अडकले आणि बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरमध्ये, म्हणजे दगड झालेल्या राळेत, टिकले. जर्मनीतल्या मेसेल, एकफेल्डसारख्या जुन्या तळ्यांच्या गाळात मात्र पंखवाल्या राण्यांचे ठसे उमटले. एक नाव राणीवरून, दुसरं कामकऱ्यावरून पडलं असेल तर त्यांची थेट तुलना करायची कशी? म्हणून नामशेष जातींची यादी शिरगणतीसारखी वाचू नका. प्रत्येक नावापुढे ते कशावरून दिलं ते लिहा: राणी, कामकरी की नुसता पंख.

केनियातल्या व्हिक्टोरिया सरोवरातल्या म्फांगानो बेटावरचा मायोसीन काळातला (सुमारे 2.3 कोटी ते 50 लाख वर्षांपूर्वीचा) जीवाश्मांचा ठेवा म्हणूनच मला अमूल्य वाटतो. कामकरी, अळ्या, कोश, सगळे एकाच वसाहतीतले! विल्सन आणि टेलर या मुंगीतज्ज्ञांनी 1964 मध्ये त्या जातीला लीकीआय हे नाव दिलं. मोठे-छोटे कामकरी हा भेद त्यातही स्पष्ट आहे.

नामशेष जात दिसली की तिला आजच्या हुमल्यांची पूर्वज म्हणू नका. ती वंशवृक्षाची खुंटलेली फांदीही असू शकते.

घरट्याचं रेशीम प्रौढ मुंग्या काढतात, असंही सर्रास लिहिलं जातं. ते अळ्या काढतात. कामकरी अळीला जबड्यात धरून पानांच्या कडांवरून फिरवतात. त्यामुळे फोटोतला ‘हुमला’ स्वतःच्या धाग्याला लोंबकळत असेल तर पाय मोजा. आठ भरले तर तो हुमल्यांची हुबेहूब नक्कल करणारा उडी मारणारा कोळी आहे. त्याच्या नराचे जबडे इतके लांब असतात की तो दुसरी मुंगी तोंडात धरून चाललाय असंच वाटतं.