अख्खा अंक एकाच फाइलमध्ये चढवू नका

कॉलेजची किंवा संस्थेची संशोधनपत्रिका चालवत असाल, तर प्रचाराच्या आधी वेबसाइट तपासा. सगळा अंक एकाच पीडीएफमध्ये असेल, तर गूगल स्कॉलरला, म्हणजे संशोधनलेख शोधून देणाऱ्या गूगलच्या सेवेला, आतले लेख सुटे ओळखता येत नाहीत. त्याला प्रत्येक लेखाची वेगळी फाइल लागते, तीही ५ एमबीच्या आत, शिवाय सारांश उघड दिसणारं पान. नुसती स्कॅन केलेली पानंही चालत नाहीत. मजकूर शोधता आला पाहिजे.

मग लेखकांना कामाला लावा. लेख प्रसिद्ध होईल त्याच दिवशी त्यांना लिंक आणि सोप्या मराठीत तीन ओळी पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर तशाच फॉरवर्ड करता येतील अशा. मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातल्या विभागाच्या ग्रुपवर संपादकाच्या पत्रकापेक्षा सहकाऱ्याचा मेसेज आधी उघडला जातो. लेख गिरणगावावर असेल, तर लालबाग-परळच्या वाचनालयांनाही कळवा. विषय जगलेली माणसं तिथेच भेटतील.

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य संशोधनपत्रिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे ‘आम्ही यादीत आहोत’ हे सांगून आता भागत नाही. परीक्षणाची पद्धत, संपादक मंडळ, शुल्क असल्यास ते, सगळं स्पष्ट लिहा. ‘चार दिवसांत प्रसिद्धी’वाले घाऊक ईमेल मात्र नकोच. बोगस पत्रिका तेच करतात.