फॅटी लिव्हरची सोनोग्राफी: जाण्याआधी, टेबलावर आणि रिपोर्ट हातात आल्यावर

सकाळची वेळ मागा. पोटाच्या सोनोग्राफीसाठी सेंटरला फोन कराल तेव्हा पहिलं बोलणं हेच असू द्या. पोट किमान सहा तास, जमल्यास आठ तास रिकामं हवं. रात्री जेवून झोपलात आणि सकाळी उठून आलात की ते आपोआप साधतं. साधं पाणी चालतं. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला हरकत नाही. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या सुरू असतील तर त्या सकाळी कधी घ्यायच्या हे आदल्या दिवशीच तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा, उपाशीपोटी घेतल्या तर साखर खाली जाऊ शकते.

चहा मात्र नको, अर्धा कपसुद्धा नको. दूध पोटात गेलं की पित्ताशय आकसतं आणि आकसलेल्या पित्ताशयातले खडे नीट दिसत नाहीत. फॅटी लिव्हर असलेल्यांना खडे असण्याची शक्यता जास्त, म्हणून आम्हाला ते भरलेलंच हवं असतं. चतुर्थीच्या दिवशी कोथरूड-कर्वेनगरकडून येणाऱ्या काकू मला सांगतात, ‘मॅडम, उपवासच आहे, खिचडी तेवढी खाल्ली.’ साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, केळं, ताक, यातलं काहीही पोटात गेलं असेल तर तपासणी दुसऱ्या दिवशी ठेवलेली बरी. आदल्या रात्री राजमा, छोले, कोबी, सोडा टाळा. आतड्यात गॅस भरला की आवाजाच्या लहरी तिथेच अडतात. चिठ्ठीवर पोटाबरोबर ओटीपोटही लिहिलं असेल तर लघवी भरलेली लागते. फक्त लिव्हर बघायचं असेल तर गरज नाही.

बरोबर जुने रिपोर्ट आणा. सोनोग्राफीचे आणि रक्ताचेही. मी पोटाच्या सोनोग्राफी बरीच वर्षं करते आहे, आणि मला सगळ्यात जास्त मदत होते ती त्या जुन्या कागदांची.

टेबलावर काय होतं

वर चढणारे, सहज सरकणारे सैल कपडे घाला. उताणं झोपवून पोटावर जेल लावतात. उजवा हात डोक्याखाली घ्यायला सांगतात, कारण त्याने बरगड्यांमधल्या फटी रुंद होतात आणि प्रोबला, म्हणजे पोटावर फिरवायच्या यंत्राला, लिव्हरपर्यंत वाट मिळते. ‘मोठा श्वास घ्या, धरून ठेवा’ हे तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकू येईल. श्वास घेतला की छाती आणि पोटामधला पडदा (डायफ्राम) खाली येतो आणि बरगड्यांआड लपलेलं लिव्हर बाहेर डोकावतं. धरवत नसेल तर धरवत नाही म्हणून स्पष्ट सांगा, आम्ही थांबतो. मग डाव्या कुशीवर वळायला लावतात. दुखत काही नाही, किरणोत्सर्गही नाही.

लिव्हरमध्ये चरबी साठली की ते मशीनच्या स्क्रीनवर पांढुरकं, चमकदार दिसतं. पण मशीनचा उजेड वाढवला तर कुणाचंही लिव्हर चमकेल. म्हणून आम्ही एकाच चित्रात लिव्हर आणि शेजारची उजवी किडनी धरतो. दोन्हींचा रंग साधारण सारखा असला तर ठीक. लिव्हर किडनीपेक्षा ठळकपणे उजळ दिसलं की चरबी आहे. किडनीचाच आजार असेल तर ही तुलना फसते, तेव्हा प्लीहेचा (स्प्लीनचा) आधार घ्यावा लागतो. किडनीचा त्रास असेल तर तो आधीच सांगा.

चरबी किती दिसते त्यावरून रिपोर्टमध्ये ग्रेड लिहितात. तो ठरतो असा. लिव्हर उजळ आहे, पण आतल्या शिरांच्या भिंती आणि मागचा पडदा स्वच्छ दिसतो: ग्रेड १. शिरांच्या भिंती पुसट होतात: ग्रेड २. लिव्हरचा मागचा भाग आणि पडदा दिसेनासा होतो: ग्रेड ३. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुकं दाटलं की गाडीचा दिवा पुढच्या चार हातांपलीकडे पोचत नाही. दाट चरबीतून आवाजाची लहर अशीच मागे पोचत नाही.

रिपोर्टमधले शब्द

लिव्हरचा आकार सेंटिमीटरमध्ये लिहितात. पंधरा-सोळाच्या आसपास मोठ्या माणसात चालतो, आणि उंच माणसाचं थोडं जास्त असतं. आतड्याकडून लिव्हरमध्ये रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेची रुंदी साधारण १३ मिलिमीटरच्या आत हवी, प्लीहा १२ सेंटिमीटरच्या आसपास. ‘फोकल फॅट स्पेअरिंग’ वाचून घाबरून फोन करणारे खूप असतात. गाठ नाही ती. पित्ताशयाजवळचा छोटा भाग चरबीपासून वाचलेला आहे आणि उजळ लिव्हरमध्ये काळसर दिसतो, एवढंच.

थांबायचं आहे ते इथे: पृष्ठभाग खडबडीत, पोत जाडाभरडा, प्लीहा मोठी, पोर्टल शीर रुंद, पोटात पाणी. यातला एकही शब्द रिपोर्टमध्ये असेल तर ग्रेड बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञ गाठा.

ग्रेड म्हणजे आजाराची पायरी नव्हे

या लेखातलं हे एवढं तरी डोक्यात ठेवा. ग्रेड सांगतो चरबी किती दिसली. लिव्हर किती कडक झालंय, म्हणजे फायब्रोसिस किती, हे तो सांगत नाही. आणि पुढे धोका कुणाला, हे मुख्यतः फायब्रोसिसवर ठरतं. ग्रेड ३ असलेल्या तरुणाचं लिव्हर मऊ असू शकतं आणि वीस वर्षं मधुमेह असलेल्या ग्रेड १ च्या आजोबांचं बरंच कडक. आजार खूप पुढे गेला की चरबी उलट कमी होत जाते, म्हणून ग्रेड उतरला एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. शिवाय चरबी २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर साधी सोनोग्राफी ती बऱ्याचदा पकडत नाही, आणि फार जाड पोटातून चित्रच धूसर येतं. ‘नॉर्मल’ लिहिलेला रिपोर्ट मधुमेही माणसाला पूर्ण सुट्टी देत नाही.

म्हणून सोनोग्राफीनंतर रक्ताचे रिपोर्ट काढा आणि फिब-४ चा, म्हणजे फायब्रोसिसचा अंदाज देणारा, आकडा मांडा. घरी बसून जमतं. एसजीओटी आणि एसजीपीटी हे लिव्हरच्या रक्ततपासणीतले आकडे. वयाला एसजीओटीने गुणा. मग प्लेटलेटला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. आपल्याकडच्या लॅब प्लेटलेट लाखांत लिहितात, २.१ लाख असतील तर २१० धरा. समजा वय ४८, एसजीओटी ५२, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २.१ लाख. ४८ गुणिले ५२ म्हणजे २४९६. ६४ चं वर्गमूळ ८, त्याला २१० ने गुणलं की १६८०. भागाकार आला १.४९.

१.३ च्या खाली आकडा असेल तर सध्या मोठ्या फायब्रोसिसची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर तज्ज्ञाकडे जायलाच हवं. मधला असेल, जसा वरच्या उदाहरणात आहे, तर लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, इलास्टोग्राफी किंवा फायब्रोस्कॅन, करून घ्या. तीही रिकाम्या पोटी, किमान तीन तास. तिथे कडकपणा किलोपास्कलमध्ये येतो. ८ च्या खाली असला तर पुढच्या टप्प्याचं फायब्रोसिस असण्याची शक्यता फार कमी. वय ६५ च्या वर असेल तर फिब-४ ची खालची मर्यादा २ धरतात, आणि पस्तिशीच्या आत हा आकडा फारसा भरवशाचा नाही.

दारूचं खरं सांगा. रिपोर्टवर ‘फॅटी’ एवढंच दिसतं. चरबी दारूची की साखरेची, हे प्रोब सांगू शकत नाही. खोलीत बायको किंवा वडील असतील आणि बोलवत नसेल तर डॉक्टरांकडे दोन मिनिटं एकट्याने मागा. त्या उत्तरावर पुढचे उपचार ठरतात.

‘मी तर बारीक आहे, मला कसं?’ हे हिंजवडीतल्या कंपनीच्या तपासणीनंतर आलेली मुलं हमखास विचारतात. याचं उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून वजनकाट्याबरोबर कमरेला टेप लावा: पुरुषांनी ९० आणि बायकांनी ८० सेंटिमीटरच्या आत राहायचं.

पुन्हा सोनोग्राफी कधी? दर महिन्याला करून काही हाती लागत नाही. वजन पाच टक्के उतरलं, म्हणजे ८० किलोच्या माणसाचं चार किलो, की चरबी कमी व्हायला लागते. सात ते दहा टक्के उतरलं तर सूज आणि फायब्रोसिसही मागे हटू शकतं. पर्वती चढा, तळजाईला जा, रात्रीचा भात अर्धा करा, आणि साधारण सहा महिन्यांनी या. त्या वेळी शक्यतो त्याच सेंटरला, त्याच डॉक्टरकडे. ग्रेड डोळ्यांनी ठरवलेला असतो. मशीन आणि बघणारा बदलला की १ चा २ होऊ शकतो, लिव्हरमध्ये तसूभरही फरक न पडता. फाइलमध्ये तारखेप्रमाणे रिपोर्ट लावा आणि प्रत्येकावर त्या दिवसाचं वजन, कंबर आणि फिब-४ पेन्सिलीने लिहून ठेवा.