युरोपीय संसदेच्या अध्यक्षपीठावरून बैठक कशी चालवावी

युरोपीय संसदेत २७ देशांतून निवडून आलेले ७२० सदस्य बसतात आणि २४ अधिकृत भाषांपैकी हव्या त्या भाषेत बोलण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. त्यामुळे अध्यक्षपीठावरून उच्चारलेले वाक्य सभागृहातील बहुतेकांना अध्यक्षांच्या आवाजात ऐकूच येत नाही. ते दुभाष्याच्या आवाजात आणि काही क्षण उशिराने ऐकू येते. क्वचित तर एका भाषेतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत असा प्रवास करून ते कानांपर्यंत पोहोचते. या सभागृहात कामकाज चालवण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तिचे मूळ या एका गोष्टीत आहे. अध्यक्षाने काय करणार ते आधी सांगावे, ठरलेल्या शब्दांत सांगावे, ते सर्वांपर्यंत पोहोचू द्यावे आणि मगच करावे. हे मार्गदर्शन संसदेच्या उपाध्यक्षाची खुर्ची डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. युरोपीय संसदेच्या धर्तीवर अभिरूप संसद भरवणाऱ्यांनाही त्यातील बहुतेक भाग जसाच्या तसा वापरता येईल.

उपाध्यक्षाची खुर्ची म्हणण्याचे कारण असे, की संसदेचे अध्यक्ष अडीच वर्षांसाठी निवडले जात असले, तरी प्रत्येक बैठक ते स्वतः चालवत नाहीत. त्यांच्यासोबत १४ उपाध्यक्ष असतात आणि दिवसभराचे कामकाज त्यांच्यात वाटलेले असते. अध्यक्षपीठावर जो बसतो, त्याला तेवढ्या वेळापुरते अध्यक्षांचे सर्व अधिकार असतात. त्याच्यावर बंधनही तेच असते. चर्चेचा सारांश सांगणे किंवा सदस्यांना मूळ विषयावर आणणे, एवढ्यापुरतेच त्याने बोलायचे असते. एखाद्या विषयावर स्वतःला मत मांडायचे असेल, तर खुर्ची दुसऱ्याकडे सोपवून आपल्या जागी जाऊन बसावे आणि त्या विषयावरील चर्चा संपेपर्यंत परत येऊ नये. ही मर्यादा कसोशीने पाळावी, कारण चर्चेत पक्ष घेतलेल्या माणसाने त्याच चर्चेतील वेळ आणि शिस्त यांबद्दल दिलेला निर्णय कितीही योग्य असला, तरी विरोधी गटाला तो पटणार नाही.

बैठकीआधीची तयारी

अधिवेशनाची कार्यसूची राजकीय गटांचे नेते आणि अध्यक्ष मिळून तयार करतात. स्ट्रासबुर्गमधील अधिवेशन सहसा सोमवारी संध्याकाळी पाच वाजता सुरू होते आणि त्याच वेळी सभागृह कार्यसूचीला मान्यता देते. एखाद्या समितीला, गटाला किंवा ठरावीक संख्येच्या सदस्यांना त्यात बदल हवा असेल, तर तो प्रस्ताव बैठक सुरू होण्यापूर्वी किमान एक तास आधी अध्यक्षांकडे पोहोचलेला असावा लागतो. त्यानंतर आलेल्या विनंतीला नम्रपणे नकार द्यावा. वेळेत आलेल्या प्रस्तावावर मात्र मांडणारा, बाजूने एक आणि विरोधात एक, अशी थोडक्यात भाषणे होऊ द्यावीत आणि लगेच मतदान घ्यावे. येथे रेंगाळले, तर संपूर्ण अधिवेशनाचे वेळापत्रक कोलमडते.

खुर्चीवर बसण्यापूर्वी वक्त्यांची यादी आणि मतदानाची यादी हातात असली पाहिजे. वक्त्यांच्या यादीतील नावे एकदा मोठ्याने वाचून पाहावीत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पोलिश, हंगेरियन, ग्रीक, फिनिश, आयरिश नावे एकाच यादीत येतात. ज्याचे नाव अध्यक्ष चुकीचे उच्चारतो, त्या सदस्याला अनेकदा आपल्याला बोलावले आहे हे कळतही नाही, कारण त्याच्या कानाला दुभाष्याचे यंत्र लावलेले असते. नाव, गट आणि मिळालेला वेळ या तिन्ही गोष्टी दर वेळी त्याच क्रमाने उच्चाराव्यात. पुढच्या वक्त्याचे नावही आधीच घोषित केले, तर तो ध्वनिक्षेपकाशी तयार राहतो आणि दोन भाषणांमध्ये वाया जाणारा वेळ वाचतो.

चर्चा आणि घड्याळ

चर्चेचा वेळ वाटताना एक भाग सर्व गटांना सारखा मिळतो आणि दुसरा भाग त्यांच्या सदस्यसंख्येच्या प्रमाणात. कोणत्याही गटात नसलेल्या सदस्यांसाठीही वेळ राखलेला असतो. सामान्य सदस्याच्या वाट्याला सहसा एक-दोन मिनिटेच येतात. एवढ्या वेळात सर्व काही सांगून टाकण्यासाठी अनेक जण लिहून आणलेले भाषण धाडधाड वाचतात आणि मग दुभाषी मागे पडतात. अशा वेळी अध्यक्षाने पहिल्याच वाक्यांनंतर थांबवून सावकाश बोलण्याची विनंती करावी. शेवटी सांगून काही उपयोग नसतो. वेळ संपल्यावर हातोड्याचा हलका ठोका द्यावा, वाक्य पूर्ण करण्यापुरते थांबावे आणि मग ध्वनिक्षेपक बंद करावा. जे चालू वाक्य एका गटाच्या नेत्याला पूर्ण करू दिले, ते पहिल्यांदाच निवडून आलेल्या सदस्यालाही करू द्यावे.

ठरलेल्या भाषणांशिवाय दोन सोयी आहेत. एक म्हणजे निळे कार्ड. बोलणाऱ्याला प्रश्न विचारायचा असेल, तर सदस्य ते उंचावतो, बोलणारा तयार असेल आणि अध्यक्षांना चर्चा विस्कळीत होणार नाही अशी खात्री असेल, तर अर्ध्या मिनिटाचा प्रश्न विचारता येतो. दुसरी म्हणजे चर्चेच्या शेवटी हात वर करून एका मिनिटासाठी बोलण्याची संधी मागणे. या भागात वेगवेगळ्या मतांच्या आणि वेगवेगळ्या देशांच्या सदस्यांना आळीपाळीने बोलू द्यावे, असे नियम सांगतो. व्यवहारात मात्र दृष्टी सभागृहाच्या एकाच बाजूकडे वळण्याची सवय लागते, म्हणून कोणाला बोलावले याची कागदावर छोटी नोंद ठेवावी. निळी कार्डे स्वीकारायची की नाहीत, याचा निर्णय चर्चेच्या सुरुवातीलाच जाहीर करावा. चर्चेला उशीर झाला म्हणून मधूनच ती नाकारली, तर ज्याचे कार्ड नाकारले गेले त्याच्या गटाला तो आपल्यावरचा अन्याय वाटतो आणि पुढचा अर्धा तास हरकतींत जातो.

हरकतीचा मुद्दा

हरकतीच्या मुद्द्याला बोलण्याच्या इतर सर्व विनंत्यांपेक्षा प्राधान्य आहे, म्हणून तो मागणाऱ्याला वेळ द्यावाच लागतो. मात्र कोणत्या नियमाचा भंग झाला, हे सदस्याने सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. ‘कोणता नियम?’ हा प्रश्न अध्यक्षाने दर वेळी, त्याच शांत सुरात विचारावा. सदस्य नियम सांगू शकला नाही आणि मुळात राजकीय भाषणच करू लागला, तर तेथेच थांबवावे. मुद्दा खरा असेल, तर तो एका मिनिटात संपला पाहिजे आणि त्यावर अध्यक्षाने लगेच निर्णय दिला पाहिजे. या निर्णयावर मतदान होत नाही. प्रश्न खरोखरच अवघड असेल, तर २४ तासांच्या आत निर्णय देईन असे सांगून तो पुढे ढकलता येतो. त्यामुळे नियमावली न पाहता घाईत चुकीचा पायंडा पाडण्यापेक्षा, ‘उद्या सकाळी निर्णय देतो’ असे सांगणे केव्हाही बरे.

मतदानाचा तास

गोंगाट करणाऱ्या सदस्यांना आवरणे हे अध्यक्षाचे सर्वांत कठीण काम आहे, असे बाहेरून वाटते. माझ्या मते ते मतदान आहे. सहसा दुपारी बारा वाजता सर्व सदस्य सभागृहात येतात आणि एका अहवालावरच्या डझनावारी दुरुस्त्यांवर एकामागून एक मते देतात. प्रत्येक मतदानाला काही सेकंद मिळतात. हात उंचावून मतदान होते आणि निकाल संशयास्पद वाटला, तर यंत्राद्वारे पडताळणी होते. एखाद्या गटाने आधीच्या दिवशी मागणी केली असेल, तर नावनिशीवार, म्हणजे प्रत्येक सदस्याचे मत नावासह नोंदवणारे मतदान घ्यावे लागते आणि कायद्यावरचे अंतिम मतदान तर त्याच पद्धतीने होते.

दुरुस्त्यांचा क्रम ठरवताना, मूळ मजकुरापासून सर्वांत दूर जाणारी दुरुस्ती आधी मतास टाकावी. ती मंजूर झाली, तर तिच्याशी विसंगत असलेल्या बाकीच्या आपोआप बाद होतात. हा क्रम मतदानाच्या यादीत छापलेला असतो. तरीही गटांच्या विनंतीवरून तो ऐन वेळी बदलला जातो आणि घोळ होतो तो नेमका तेव्हाच. २६ मार्च २०१९ रोजी कॉपीराइटविषयक निर्देशावर मतदान होते. वादग्रस्त कलमांवरील दुरुस्त्या स्वतंत्रपणे मतास घ्याव्यात का, हा प्रश्न आधी मतास टाकला गेला. ३१७ विरुद्ध ३१२ अशा फरकाने उत्तर ‘नाही’ आले, २४ जण तटस्थ राहिले. नंतर काही सदस्यांनी आपण चुकीचे बटण दाबल्याचे इतिवृत्तात नोंदवले. त्या दुरुस्त मतांची बेरीज केली असती, तर निकाल उलटला असता. पण अशा नोंदीने सदस्याचा हेतू इतिवृत्तात येतो, घोषित झालेला निकाल बदलत नाही. निर्देश त्याच दिवशी ३४८ विरुद्ध २७४ मतांनी मंजूर झाला आणि पुढे युरोपीय संघाच्या सदस्य देशांनी आपापल्या कायद्यांत उतरवायचा कायदा ठरला.

म्हणून क्रम बदलला असेल, तर अध्यक्षाने मतदान खुले करण्यापूर्वी थांबावे. काय बदलले ते सांगावे. ‘बाजूने’ म्हणजे काय मंजूर होईल आणि ‘विरोधात’ म्हणजे काय नामंजूर होईल, हे एकेका वाक्यात उच्चारावे. शेवटच्या दुभाष्याचे वाक्य पूर्ण होण्याइतका वेळ जाऊ द्यावा आणि मगच मतदान सुरू झाल्याचे जाहीर करावे. यात पंधरा सेकंद जातात. सभागृहात घाईने कुजबुज सुरू होते, काही जण हात उंचावून पुढे चला म्हणतात, तरी ते पंधरा सेकंद सोडू नयेत. मतदान एकदा खुले झाले, की ते बंद होईपर्यंत अध्यक्षाशिवाय कोणीही बोलायचे नाही आणि मतदान ग्राह्य आहे की नाही याबद्दलची शंका ते बंद झाल्यानंतरच विचारात घ्यायची.

मते समसमान पडली, तर अध्यक्षाकडे निर्णायक मत नसते. सर्वसाधारणपणे प्रस्ताव नामंजूर झाला असे मानले जाते. गणपूर्तीबाबतही गैरसमज असतो. एकूण सदस्यांपैकी एक-तृतीयांश उपस्थित असणे म्हणजे गणपूर्ती, पण चर्चा कितीही सदस्यांत चालू शकते आणि मतदान सुरू होण्यापूर्वी किमान ४० सदस्यांनी मागणी केल्याशिवाय गणपूर्तीची तपासणी होत नाही. कोणत्या मतदानाला कोणते बहुमत लागते, हे मात्र अध्यक्षाच्या कागदावर ठळक लिहिलेले असावे. सामान्य ठरावाला दिलेल्या मतांचे बहुमत पुरते, तर कायद्याच्या दुसऱ्या वाचनात परिषदेच्या, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या सभेच्या भूमिकेत दुरुस्ती करण्यासाठी एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, म्हणजे आज ३६१ मते लागतात. युरोपीय आयोगाविरुद्धच्या, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाविरुद्धच्या अविश्वास ठरावाला दिलेल्या मतांपैकी दोन-तृतीयांश मते लागतात आणि शिवाय ती एकूण सदस्यांच्या निम्म्याहून अधिक असावी लागतात. निकाल वाचताना आकडे आणि निष्कर्ष दोन्ही उच्चारावेत, कारण ३४० विरुद्ध २०० हा आकडा ऐकून विजय समजणाऱ्या सदस्यांना दुसऱ्या वाचनात धक्का बसतो.

शिस्त

नियमावलीने पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. आधी सदस्याला शिस्तीत राहण्याची सूचना करावी. पुन्हा तसेच झाले, तर दुसऱ्यांदा समज द्यावी आणि ती इतिवृत्तात नोंदवावी. त्यानंतरही ऐकले नाही, तर बोलण्याचा अधिकार काढून घ्यावा किंवा उरलेल्या बैठकीपुरते सभागृहाबाहेर पाठवावे. प्रकार फारच गंभीर असेल, तर दुसऱ्या समजेची वाट न पाहताही बाहेर काढता येते. ११ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे संसदेसमोर भाषण करत असताना उत्तर आयर्लंडचे सदस्य इयन पेस्ली लाल फलक उंचावून ओरडू लागले. अध्यक्ष हेन्री प्लम्ब यांनी त्यांना नाव घेऊन ताकीद दिली आणि ते थांबले नाहीत तेव्हा बाहेर काढायला लावले. पाहुण्यांचे भाषण त्यानंतर पुढे सुरू राहिले. नाव घेणे आणि इशारा देणे या दोन गोष्टी तशा गोंधळातही सुटल्या नाहीत, म्हणून हे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे.

भत्ता रोखणे किंवा काही दिवसांसाठी कामकाजात भाग घेण्यास मनाई करणे, अशा मोठ्या शिक्षा खुर्चीवरून तडकाफडकी दिल्या जात नाहीत. अध्यक्ष सदस्याचे म्हणणे मागवून नंतर निर्णय घेतात. येथेही नियमाच्या शब्दांपलीकडे जाऊन चालत नाही. पोलंडचे सदस्य यानुश कोर्विन-मिक्के यांना सभागृहातील वक्तव्यांबद्दल दिलेल्या शिक्षा ३१ मे २०१८ रोजी युरोपीय संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने रद्द केल्या, कारण त्या वेळच्या नियमानुसार वक्तव्यामुळे कामकाजात गंभीर अडथळा आलेला असणे आवश्यक होते आणि तसे झाले नव्हते. वक्तव्ये संतापजनक होती, यात शंका नाही. पण शिक्षा देणाऱ्याने नियमाची अट पूर्ण झाली का, हे आधी तपासले पाहिजे.

सभागृहच ऐकेनासे झाले, तर आवाज चढवू नये. बैठक ठरावीक वेळेसाठी तहकूब करावी. तहकुबीची घोषणाही ऐकू जात नसेल, तर अध्यक्षाने खुर्ची सोडून उठावे. त्याचा अर्थ बैठक तहकूब झाली, असे नियमच सांगतो.

खुर्ची सोपवताना

पुढचे उपाध्यक्ष खुर्चीवर येण्यापूर्वी, कोणते वक्ते राहिले, निळ्या कार्डांबाबत काय ठरले, कोणाला समज दिली आहे आणि कोणत्या हरकतीवर निर्णय देणे बाकी आहे, हे एका कागदावर लिहून द्यावे. समज मिळालेला सदस्य नव्या अध्यक्षासमोर पुन्हा तेच करतो, तेव्हा ती दुसरी समज आहे की पहिली, हे त्या कागदावरूनच कळते. दिवसाचे कामकाज संपल्यावर पुढची बैठक कधी भरेल ते जाहीर करावे आणि बैठक संपल्याची घोषणा करावी.