शिवता शिवता रेडिओ ४ : दिवस कसा लावायचा

हात कामात आणि कान मोकळे, अशी ज्यांची रोजची बैठक आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी मंगळवार पेठेत ब्लाउज शिवते. सकाळी आकाशवाणी कोल्हापूर, १०२.७ वर, लागतंच. त्यानंतर बीबीसीचं रेडिओ ४. त्यावर गाणी जवळजवळ नाहीत, नुसतं बोलणं : बातम्या, नाटकं, शेती, विज्ञान, मुलाखती. १९६७ पासून हे केंद्र चालू आहे. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं. वाचलेलं कळायचं, ऐकलेलं निसटायचं. ते कानात बसवायला मला जो क्रम लागू पडला, तोच सांगते.

साध्या रेडिओवर हे लागत नाही, नेट पाहिजे. ‘बीबीसी साउंड्स’ अ‍ॅप आता आपल्याकडे चालत नाही, त्याच्या मागे लागू नका. बीबीसीच्या संकेतस्थळावर किंवा ‘बीबीसी’ या अ‍ॅपमध्ये रेडिओ ४ थेट ऐकता येतं. तासाच्या ठोक्याला सहा पिप वाजतात, पाच आखूड आणि शेवटचा लांब. पिप वाजवायची रीत १९२४ पासूनची. नेटवरून ते काही सेकंद उशिरा पोचतात, तेव्हा त्यावर घड्याळ लावू नका.

आता वेळा. हिवाळ्यात ब्रिटन आपल्या साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात. पुढच्या सगळ्या वेळा आपल्या घड्याळाच्या आणि हिवाळ्यातल्या आहेत. उन्हाळ्यात प्रत्येकीतून एक तास वजा करा.

सुरुवात बातम्यांनी करू नका. बहुतेकजण तीच करतात आणि चार दिवसांत सोडून देतात, कारण तिथले मंत्री, पक्ष, गावं काहीच ओळखीचं नसतं. सुरुवात करा शिपिंग फोरकास्टनं. तिकडे मध्यरात्र उलटून पाऊण वाजल्यानंतर, म्हणजे आपल्याकडे सकाळी सव्वासहाच्या सुमारास, आधी एक संथ धून वाजते आणि मग समुद्राचं हवामान वाचलं जातं. ब्रिटनभोवतालच्या समुद्राचे ३१ भाग केलेत : व्हायकिंग, फोर्टीज, क्रोमार्टी, डॉगर, फिशर, जर्मन बाइट... क्रम ठरलेला, साधारण घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं बेटांना प्रदक्षिणा घालत जाणारा. प्रत्येक भागाचं सांगणंही ठरल्या चालीचं : आधी वाऱ्याची दिशा, मग त्याचा जोर आकड्यात, मग पाऊस-बिऊस, शेवटी किती लांबचं दिसेल ते. ‘साउथवेस्टर्ली, फाइव्ह टू सेव्हन. रेन. गुड, ऑकेजनली पुअर.’ बस. क्रियापद नाही, घाई नाही, आणि तेच पंधरावीस शब्द फिरून फिरून येतात. ‘गुड’ हे हवेबद्दल नाही, दृश्यमानतेबद्दल आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं आपोआप लागतं. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, ‘ह्यो काय मंत्र म्हणायलाय गं?’ त्यांचा कान बरोबर होता. पाठ झाल्यासारखं होईपर्यंत रोज हेच ऐका. मला तरी इंग्रजी ऐकायला याहून सोपी पायरी दुसरी सापडलेली नाही.

दुसरी पायरी ‘द आर्चर्स’. अ‍ॅम्ब्रिज नावाच्या काल्पनिक गावातल्या शेतकरी घराण्याची ही मालिका देशभर १९५१ पासून चालू आहे. युद्धानंतर तिकडे अन्नाची टंचाई होती. शेतकऱ्यांना नवी माहिती गोष्टीतून मिळावी म्हणून ती काढली. गाई, दूध, जमिनीच्या वाटण्या, भावाभावांत धुसफूस. करवीर तालुक्यातल्या माणसाला यातलं काय परकं वाटणार? भाग पाऊणएक तासाचा नाही, तेरा-चौदा मिनिटांचा. मूळ प्रसारण आपल्याकडे रात्री साडेबाराला येतं, ते सोडा. दुसऱ्या दिवशीचं पुनःप्रसारण संध्याकाळी साडेसातला असतं, ते धरा. कोण कुणाचं, हे वहीत लिहून ठेवा, वंशावळीसारखं. ते संपलं की पाऊण तासाचं नाटक लागतं.

कामाशी मेळ घालणं फार महत्त्वाचं. मोटरच्या आवाजात बोलणं तुटतं, म्हणून पिको आणि लांब शिलाई बातम्यांच्या वेळी; दर तासाला त्या परत येतातच. नाटकाला हातशिलाईच पाहिजे : हुक, काज, साडीचा फॉल. कटिंगच्या वेळी मात्र रेडिओ बंद. कापड आणि गोष्ट, दोन्हीकडे लक्ष राहत नाही.

दुपारी साडेतीनला ‘वुमन्स आवर’ असतो, १९४६ पासूनचा. बाळंतपणापासून कोर्टकचेरीपर्यंत बायका नाव सांगून मोकळेपणी बोलतात. माझा सगळ्यात आवडता कार्यक्रम हाच. गुरुवारी दुपारी अडीचला ‘इन अवर टाइम’ : एक विषय, बहुधा तीन अभ्यासक, जाहिरात नाही, उगाच हशा नाही. १९९८ ते २०२५ मेल्विन ब्रॅग यांनी तो चालवला. विषय कधी एखादा ग्रीक तत्त्ववेत्ता, कधी एखादा कीटक. निम्मं कळलं नाही तरी बंद करू नका. जे आपण स्वतः कधी शोधलं नसतं, तेही कानावर पडू देणं, यासाठीच तर असलं केंद्र लावायचं. आवडीचं तेवढं निवडून ऐकायला मोबाइलवर बाकी ढीग पडलंय.

‘टुडे’ सगळ्यात शेवटी घ्या. सोमवार ते शुक्रवार साडेअकरा ते अडीच असा तीन तासांचा हा बातम्यांचा कार्यक्रम, आणि पुढाऱ्यांच्या मुलाखतीत दोघं एकमेकांना तोडून बोलतात. तो अख्खा ऐकायचा हट्ट नको. सव्वाच्या सुमारास त्यात ‘थॉट फॉर द डे’ येतं, जेमतेम तीन मिनिटांचं, वेगवेगळ्या धर्मांची माणसं आळीपाळीनं बोलतात, सावकाश आणि स्वच्छ. महिनाभर तेवढंच ऐका. ते सरळ कळायला लागलं की त्याच्या अलीकडची दहा मिनिटं जोडा, मग पलीकडची.