रेशीच्या पिशव्या हिरव्या पडल्या तेव्हा

पऱ्हाट्यांच्या भुशावर रेशी, म्हणजे गॅनोडर्मा नावाची औषधी अळंबी, लावायचा माझा पहिला घाणा पार वाया गेला. आठव्या दिवशी निम्म्या पिशव्यांत हिरवे डाग. ट्रायकोडर्मा, म्हणजे अळंबीच्या मुळावर उठणारी हिरवी बुरशी! सगळा राग स्पॉनवर, म्हणजे अळंबीच्या बियाण्यावर काढला. नंतर एक पिशवी फाडून पाहिली, तर तोंडाशी रेशीचं पांढरं जाळं ठणठणीत, आणि हिरवा रंग मधल्या गाभ्यात. म्हणजे घाण स्पॉन टाकताना शिरलीच नव्हती, ती आधीपासून आत जिवंत होती. गाभ्यातला भुसा चोळला तर चक्क कोरडा. वाफ ओल्या मालातले बीजाणू मारते, कोरड्या गुठळीपर्यंत तिची मात्रा पोचत नाही.

मग भुसा रात्रभर भिजवून निथळवला. मुठीत घट्ट दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागू नये. म्हणजे ओल साधारण ६०-६५ टक्के. गव्हाचा कोंडा २० वरून १० टक्क्यांवर आणला (जास्त पिकाचा हावरेपणा नडला होता, दुसरं काय). कुकरमध्ये दोन पिशव्यांच्या मधे बोटभर फट ठेवली, आधी आतली हवा जाऊ दिली आणि १५ पौंड दाब चढल्यावरच घड्याळ लावलं. १२१ अंशांवर पूर्ण दोन तास.

या खेपेला एकच पिशवी गेली, तीही माझ्या हातून टोचली गेली म्हणून.

आता छत्रीऐवजी हरणाच्या शिंगांसारखे लांब कोंब येताहेत. म्हणजे खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतोय, खिडकी जास्त वेळ उघडी ठेवायला लागलोय.